रत्नागिरीचा कैसर, सोलापूरचा नाझां आणि एक खरखरीत आवाज

‘चढता सूरज’ ही कव्वाली कुणी गायली, असं विचारलं तर आमच्या बीड जिल्ह्यातला चाळिशी ओलांडलेला माणूस चटकन सांगेल : अझीझ नाझां. तो माणूस बीडच्या मोमीनपुऱ्यातला असो, नाहीतर दरवर्षी ऊसतोडीला जाणारा शिरूर-पाटोद्याकडचा मुकादम असो. ‘झूम बराबर झूम शराबी’ कुणाची, यालाही उत्तर तेच. पण या दोन कव्वाल्या लिहिल्या कुणी, असं विचारलं की बहुतेक जण थांबतात. कुणी म्हणतं, लखनौचा कुणी शायर असेल. कुणी म्हणतं, पाकिस्तानातून आली असेल.

‘चढता सूरज’ लिहिली कैसर रत्नागिरवी यांनी. ‘झूम बराबर झूम’ लिहिली नाझां शोलापुरी यांनी. एका नावात रत्नागिरी आहे, दुसऱ्यात सोलापूर. देशभर वाजलेल्या या दोन कव्वाल्यांच्या शायरांची नावं महाराष्ट्राच्या नकाशावरून आली आहेत, आणि त्या गाणारा माणूस मुंबईचा आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. दोन्हींच्या वाङ्मयेतिहासाची पुस्तकं माझ्या टेबलावर असतात. त्यांत ही दोन नावं मला भेटत नाहीत. ती का भेटत नाहीत, आणि तरीही तो आवाज लोकांच्या काळजात घर करून कसा राहिला, याचा हा थोडा शोध आहे.

नावात काय आहे

उर्दू शायर आपल्या तखल्लुसापुढे गावाचं नाव जोडतो. त्याला निस्बत म्हणतात. वली औरंगाबादी, सिराज औरंगाबादी, तसाच नाझां शोलापुरी. मराठीत आपण ‘कर’ लावतो, उर्दूत ‘ई’ किंवा ‘वी’ लागतो. ‘रत्नागिरवी’ म्हणजे सरळ मराठीत ‘रत्नागिरीकर’. कुणी आपल्या नावापुढे आयुष्यभर रत्नागिरीकर लावत असेल, तर तो कुठला, हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

तखल्लुसांचे अर्थही पाहण्यासारखे आहेत. ‘कैसर’ हे रोमच्या सीझरचं अरबी-फारसीतलं रूप. जर्मन बादशहांना ‘कैसर’ म्हणत, तेही त्याच मुळाचं. म्हणजे रत्नागिरीचा हा शायर स्वतःला ‘सम्राट’ म्हणवून घेतो आणि लिहितो काय, तर सम्राटांच्या अंताची गोष्ट. ‘नाझां’ या फारसी शब्दाचा अर्थ अभिमान बाळगणारा, स्वतःवर खूश असलेला. गायकाने हे नाव धारण केलं, आणि त्याच्या गळ्यातून अजरामर झाली ती अभिमान उतरवणारी कव्वाली. हे जुळून आलं की जाणूनबुजून केलं, या वादात मी शिरत नाही. पण वर्गात मुलांना मक्ता आणि तखल्लुस शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. स्वतःच्या मोठेपणाची पाटी गळ्यात अडकवायची आणि मोठेपणाचीच फजिती गायची, ही आपल्या सूफींची आणि संतांचीही जुनी रीत आहे.

सातशे वर्षांचा वाद

कव्वाली दख्खनला नवी नाही. मुहंमद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीतल्या लोकांना दौलताबादकडे हलवलं, तेव्हा आलेल्यांत निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब होते. 1337 मध्ये त्यांचं निधन झालं. खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. समा, म्हणजे ईश्वराच्या ओढीने गाणं ऐकणं, याची त्यांना इतकी आवड होती की समामध्ये झुलण्याची त्यांच्या अनुयायांची पद्धत ‘बुऱ्हानी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ‘झूम’ हा शब्द ऐकताना मला नेहमी खुलताबाद आठवतं, ते यासाठी.

गाणं इस्लामला धरून आहे की नाही, हा वादही तेवढाच जुना आहे. खुद्द निजामुद्दीन औलियांना गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांसमोर समाची बाजू मांडावी लागली होती. आज एखाद्या उरुसात कव्वाली ठेवावी की नाही, यावर कमिटीत आवाज चढतात, तेव्हा तरुणांना वाटतं हे भांडण कालपरवाचं आहे. ते तुघलकांपासूनचं आहे.

बीड शहरात टेकडीवर शहेनशाहवलींचा दर्गा आहे. मन्सूरशाह यांचा दर्गाही याच शहरात आहे. महादजी शिंदे त्यांना गुरू मानत आणि ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने ती श्रद्धा पुढे चालवली. दर्ग्याच्या अंगणात कोण बसतं, याचं उत्तर आमच्याकडे पूर्वीपासून ‘जो येईल तो’ असं आहे. भाषेचंही तसंच. वली आणि सिराज हे उर्दू गझलेचे पूर्वज औरंगाबादचे. त्यांच्याही आधी विजापूरकडच्या सूफींच्या परंपरेत दखनीतून चक्कीनामे रचले गेले. बायका जात्यावर बसल्या की दळता दळता अल्लाहचं आणि पीराचं नाव घेत. मराठी ओवी आणि दखनी चक्कीनामा यांच्यात जात्याचा खुंटा सामाईक आहे. म्हणून उर्दू इथे बाहेरून आलेली भाषा आहे असं कुणी म्हटलं की मी भांडत बसत नाही. जात्याकडे बोट दाखवतो.

अंगणातून तबकडीवर

बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. कचेरी, नोकरी आणि शिक्षणासाठी हैदराबादकडे पाहणारे लोक मुंबईकडे पाहू लागले. मला वाटतं, कानही त्याच दिशेला वळले. हैदराबादची कव्वाली म्हणजे अझीझ अहमद खान वारसींसारख्या उस्तादांची, फारसी कलाम जपणारी, रागदारीची बूज राखणारी. मुंबईची कव्वाली वेगळ्या मातीतली होती. ती गोदी, गिरणी, चाळ आणि मोहल्ल्याच्या शहरात वाढली. तिथे ऐकणारा दिवसभर राबून आलेला असे आणि लाऊडस्पीकर नसेल तर मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं हे गायकाचं काम असे.

या मुंबई कव्वालीला देशभर नेलं इस्माईल आझाद यांनी. 1958 च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातली त्यांची कव्वाली शेवन रिझवींनी लिहिली होती आणि संगीत बुलो सी. रानी यांचं होतं. तोवर चित्रपटातली कव्वाली बहुतेक पार्श्वगायकांच्या घोटीव गळ्यातून यायची. इथे खरा कव्वाल आपल्या पार्टीसह, आपल्या टाळ्यांसह, आपल्या रांगड्या आवाजात आला आणि लोकांनी तो उचलून धरला.

1938 मध्ये जन्मलेले अझीझ नाझां याच मुंबईचे. त्यांचं घराणं मलबारी मुसलमानांचं. उर्दू त्यांना घरातून वारशाने मिळाली नाही, शहरातून मिळाली. कव्वाल बच्च्यांची दिल्लीची गादी त्यांच्या पाठीशी नव्हती. त्यांची ओळख झाली ती बिगरफिल्मी तबकड्यांमधून. ‘झूम बराबर झूम’ आधी तबकडी म्हणून गाजली आणि मग आय. एस. जोहर यांनी ती 1974 च्या ‘फाईव्ह रायफल्स’मध्ये घेतली. एरवी चित्रपटामुळे गाणं गाजतं. इथे गाजलेल्या गाण्याच्या मागे चित्रपट आला. नट नाही, नटी नाही, कथा नाही. फक्त एक आवाज आणि त्याच्या मागे आठ-दहा जणांची पार्टी. आज ज्याला तरुण मुलं ‘इंडी’ म्हणतात, म्हणजे बड्या चित्रपट कारखान्याच्या बाहेर उभं राहिलेलं संगीत, ते आपल्याकडे कव्वालांनी असं पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलं.

या प्रवासात यंत्राचा वाटा मोठा आहे. जुनी 78 फेऱ्यांची तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. कव्वालीला एवढा वेळ म्हणजे अन्यायच. तिचं सगळं बळ तकरारमध्ये आहे, म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरवण्यात, दर वेळी तिला नवं वजन देण्यात. मुखडा चालू असताना मध्येच वेगळा शेर जोडायचा, त्याला गिरह म्हणजे गाठ म्हणतात. गाठ मारायची आणि पुन्हा मुखड्यावर यायचं. तीन मिनिटांत गाठ बसेपर्यंत सुई शेवटाला पोचायची. लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. मग कॅसेट आली, तिने तासाच्या फितीत एका बाजूला अर्धा तास दिला. कव्वालीला श्वास घ्यायला जागा मिळाली. ‘चढता सूरज’ ही अशा मोकळ्या वेळेची कव्वाली आहे. ती घाईत ऐकताच येत नाही.

वाद्यांचीही अशीच मजा आहे. मुंबई कव्वालीत ढोलक, हार्मोनियम, टाळी यांच्या जोडीला बेंजो आला. आपल्या वरातीत वाजतो तोच, बटणं दाबून तारा छेडायचा बेंजो. पुस्तकात त्याला बुलबुलतरंग म्हणतात. त्याचा मूळपुरुष जपानचा आहे. नागोयाच्या गोरो मोरिता या माणसाने 1912 मध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं, ते समुद्रमार्गे हिंदुस्थानात पोचलं आणि इथल्या बाजारात आपलं होऊन गेलं. जपानी वाद्य, मलबारी घराण्यातला गायक, रत्नागिरीचा शायर, मुंबईची टाळी. यातलं शुद्ध काय आणि भेसळ काय, हे ज्याला निवडायचं असेल त्याने खुशाल निवडावं. ऐकणाऱ्याला ती निवड करावीशी वाटली नाही.

आवाजात काय होतं

अझीझ नाझांचा आवाज गोड नाही. वरच्या पट्टीत गेला की त्याला धार येते आणि त्या धारेवर थोडा गंज असतो. रफीसाहेबांच्या आवाजाला आपण मखमल म्हणतो. मग हा आवाज घोंगडीचा म्हणायला हवा. तो टोचतो, पण थंडीत तोच उपयोगी पडतो. गाताना कष्ट पडत आहेत, हे हा गायक लपवत नाही. श्वास घेतलेला ऐकू येतो, शब्द कधी गाण्यातून निसटून बोलण्यात येतो, कधी बोलणं रागावण्यात जातं.

‘चढता सूरज’मध्ये ते गाण्यापेक्षा समज देताना जास्त दिसतात. मोहल्ल्यातला एखादा वडीलधारा माणूस आपल्याला ओट्यावर बसवून म्हणतो ना, “बस बाबा इथे, दोन गोष्टी ऐक,” तसा तो सूर आहे. सुरुवात संथ. मग एकेक उदाहरण. जग जिंकलेला सिकंदर रिकाम्या हातांनी गेला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेली असते. तीच गोष्ट इथे येते, पण प्रत्येक उदाहरणानंतर कोरस पुन्हा मुखड्यावर येतो आणि ‘ढल’ या शब्दावर सूर खरोखरच खाली उतरत जातो. अर्थ न कळणाऱ्यालाही काहीतरी मावळतं आहे हे कानाने कळतं. मुखडा दहाव्यांदा येतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिकंदर उरलेला नसतो. त्याच्या गावातला एखादा माजलेला पुढारी, एखादा सावकार, कधी स्वतःचा बाप, कधी तो स्वतः उभा असतो.

ही कव्वाली आमच्याकडे एवढी का रुजली, याचं उत्तर मला इथे दिसतं. बीड हा पाऊस हुलकावणी देणारा, दिवाळीनंतर अर्धी गावं ऊसतोडीला रिकामी करणारा जिल्हा आहे. ज्याच्या हातात सत्ता नाही, त्याच्याकडे सत्तावानाविरुद्ध दोनच गोष्टी असतात : देवाचा न्याय आणि काळाचा न्याय. कीर्तनकार हेच सांगतो, वाझ करणारा मौलाना हेच सांगतो. अझीझ नाझांनी ते ढोलकावर सांगितलं. मलमली आवाजात ते सांगितलं असतं, तर ते सांत्वन झालं असतं. खरखरीत आवाजात ती तंबी झाली.

कॅसेटचे दिवस

टी-सिरीजसारख्या कंपन्या 1980 च्या दशकात उभ्या राहिल्या आणि कॅसेट एवढी स्वस्त झाली की तबकडी ज्यांच्या घरी कधीच पोचली नव्हती, त्यांच्या हातात गाणं आलं. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने उत्तर भारतातल्या या बदलावर 1993 मध्ये ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कॅसेटने मूठभर बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि बोलीतल्या, छोट्या समूहांच्या संगीताला बाजार मिळाला.

माझं लहानपण याच काळातलं. आमच्या मोहल्ल्यात टेपरेकॉर्डर मोजके होते, पण आवाज भिंत ओलांडून सगळ्यांचा व्हायचा. कॅसेटची फीत गुंतली की पेन्सिलीने किंवा षट्कोनी पेनाने गुंडाळायची, हे कसब पोराटोरांना अवगत होतं. ऊसतोडीला निघालेल्या ट्रकच्या केबिनमध्ये एका कप्प्यात प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, भीमगीतं आणि कव्वालीच्या कॅसेटी एकत्र असायच्या. ड्रायव्हरचा धर्म त्या कप्प्यावरून ओळखता आला नसता. माझे मराठी शाळेतले मित्र ‘चढता सूरज’ आख्खी पाठ म्हणायचे आणि मग मला विचारायचे, “तुर्बत म्हंजी रं काय?” मी सांगायचो, कबर. मातीचं थडगं. उर्दूचा शिक्षक मी बी.एड.नंतर झालो, पण पहिला वर्ग बहुधा तोच.

अर्थ कळण्याआधी आवाज कळतो, याचा आणखी एक दाखला सातासमुद्रापार आहे. नुसरत फतेह अली खान 1985 मध्ये इंग्लंडच्या ‘वोमॅड’ महोत्सवात गायले आणि युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्यांना त्यांनी वेडं केलं. अमेरिकेत जेफ बकले नावाचा तरुण रॉक गायक होता. 1994 मध्ये आलेल्या त्याच्या ‘ग्रेस’ या अल्बमची जादू आजही त्याच्या विलक्षण, हळवा होऊन एकदम किंचाळणाऱ्या आवाजासाठी सांगितली जाते. हा मुलगा न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेत एकटा गिटार घेऊन बसायचा आणि नुसरतसाहेबांची उर्दू कव्वाली गायचा. नुसरत हे आपले एल्विस आहेत, असं तो श्रोत्यांना सांगायचा. 1997 च्या मे महिन्यात बकले नदीत बुडून गेला, तेव्हा तो तिशीचाच होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नुसरतही गेले. बकलेला उर्दू येत नव्हती, पाटोद्याच्या ट्रकवाल्यालाही येत नव्हती. दोघांनीही गळ्यातली ओढ ओळखली. फरक एवढाच की बकलेच्या त्या प्रेमाची नोंद झाली. आमच्या ट्रकवाल्याची कुणी केली नाही.

दोन्ही घरचे पाहुणे

आता नोंदीच्या मुद्द्याकडे येतो.

आमच्या शेजारच्या बार्शीत 1916 मध्ये मेहबूब हुसेन पटेल नावाचा मुलगा जन्मला. आई मुनेरबीच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ऐकत तो वाढला, बसवर क्लीनर झाला, गिरणीत राबला, तुरुंगात गेला आणि शाहीर अमर शेख म्हणून महाराष्ट्रभर गाजला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये त्यांच्या पहाडी आवाजाने माणसं गोळा व्हायची. 1969 मध्ये अपघाती मृत्यू आला, पण मराठीच्या इतिहासात त्यांचं नाव राहिलं. ते योग्यच झालं. तो त्यांचा हक्क होता.

नाझां शोलापुरींच्या नावातलं सोलापूर आणि अमर शेखांची बार्शी एकाच जिल्ह्यात येतात. एकाने मराठी निवडली, दुसऱ्याने उर्दू. मराठीचे इतिहासकार म्हणतात, हे उर्दूवाले, आमच्या पुस्तकात कशाला? उर्दूचे नक्काद म्हणतात, हे कव्वालीसाठी लिहिणारे, यांना शायर म्हणावं का? एका घरी भाषेमुळे दार बंद, दुसऱ्या घरी पेशामुळे. 1990 मध्ये मुस्लिम मराठी साहित्याचं पहिलं संमेलन भरलं तेही सोलापुरातच. मराठी मुसलमानाने आपली भाषा, आपला मुलूख ठासून सांगितला, हे मोठंच काम झालं. पण माझ्या मते त्या ओळखीत हे उर्दू रत्नागिरीकर आणि सोलापूरकरही बसायला हवेत. मराठी मुलुखाचं मराठीपण फक्त मराठीत लिहिलं गेलेलं नाही. ते दखनीत, उर्दूत, कोकणीतही लिहिलं गेलं आहे.

आक्षेप घेणारे आपल्या घरातही आहेत. “शराबची गाणी कसली ऐकता?” असं मला अनेकांनी विचारलं आहे. प्रश्न खोटा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आमच्या वस्तीत कमी नाहीत, आणि वरातीत ‘झूम बराबर’वर नाचणाऱ्या सगळ्यांना फारसी काव्यातली इश्काची मदिरा अभिप्रेत असते, असा दावा मी करणार नाही. पण ‘शराब’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पेय एवढाच आहे. कुरआनात हा शब्द जन्नतच्या पवित्र पेयासाठीही आला आहे. हाफिजपासून पुढे सहाशे वर्षं शायरांनी तो ईश्वरी धुंदीसाठी वापरला. नाझां शोलापुरींनी तीच जुनी सुरई बाजारात आणून ठेवली. बाजारात ठेवलेल्या वस्तूचा कुणी काय उपयोग करील, हे शायराच्या हातात राहत नाही. आणि ज्या गळ्याने झुलायला लावलं, त्याच गळ्याने मावळत्या सूर्याची आठवण दिली, हेही हिशेबात धरायला हवं. एकच कॅसेट उलटली की दुसरी बाजू.

उस्तादी गाण्याचे चाहते म्हणतात, ही कव्वाली उथळ, बाजारू. त्यांच्याशी मी स्वरांवर भांडू शकत नाही, तेवढं माझं ज्ञान नाही. मी इतकंच म्हणतो की समा ज्या लोकांसाठी होता, ते लोक दर्ग्याच्या अंगणात येणं कमी झालं तेव्हा ही कव्वाली त्यांच्या ट्रकपर्यंत गेली. बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावातच ‘गरीब’ आहे. अरबीत त्याचा अर्थ परका, परमुलखातला प्रवासी. परमुलखात उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत झोपणाऱ्याला हा शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

1992 च्या ऑक्टोबरमध्ये अझीझ नाझां गेले. दोन महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, त्यांची मुंबई पेटली आणि जानेवारीत पुन्हा पेटली. ज्या मिश्र गर्दीने त्यांना मोठं केलं होतं, ती गर्दी आपापल्या वस्त्यांत वाटली गेली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी तारखा शेजारी ठेवल्या की मन चरकतं.

कव्वाली मात्र राहिली. 2017 मध्ये मधुर भांडारकर यांनी आणीबाणीच्या काळावर ‘इंदू सरकार’ हा चित्रपट काढला, तेव्हा सत्तेच्या चढत्या सूर्याला जागा दाखवण्यासाठी त्यांनाही रत्नागिरीच्या कैसरकडेच यावं लागलं. गायले अझीझ नाझांचे पुत्र मुज्तबा अझीझ नाझा. आता ही कव्वाली मोबाईलवर आहे. नव्या पिढीने तिला ‘सूफी’ असं सोज्वळ लेबल लावलं आहे. लेबलाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याखाली शायराचं नाव बहुधा नसतं, आणि ते नसलं की ऐकणारा पुन्हा लखनौ नाहीतर लाहोरकडे पाहू लागतो.

म्हणून उर्दूच्या आणि मराठीच्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. आपापल्या तालुक्यात जुन्या कव्वाल पार्ट्या होत्या, त्यांच्यासाठी लिहिणारे शायर होते. शिंपीकाम, गवंडीकाम, विणकाम करून रात्री शेर लिहिणारी ही माणसं होती. त्यांच्या वह्या कुणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत असतील. उरुसाच्या जुन्या पत्रिका असतील, कॅसेटींवर हाताने लिहिलेली नावं असतील. मुलांना प्रकल्पासाठी विषय हवाच असतो. आजोबांना विचारा, पेटी उघडायला लावा, नावं उतरवून घ्या. नावापुढे जे गाव असेल, तेही नीट लिहा. ‘बीडवी’, ‘परळवी’, ‘अंबाजोगाईकर’, जे असेल ते. मुलूख कुणाचा, हा प्रश्न पुढे कधी कुणी विचारला, तर त्या वहीतलं नाव आणि त्यापुढचं गाव आपल्या कामी येईल.